तपकिरी प्लगचा काळ : स्पार्क प्लग केव्हा आणि कसा बदलावा, याचा इतिहास



गाडीचा स्पार्क प्लग केव्हा बदलायचा, याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत जितके किलोमीटर लिहिले आहेत, तितके झाले की बदलायचा. मग त्यावर तासभर बोलायचं कशाला, आणि आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने तर कशाला बोलायचं, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. आमचं उत्तर असं की, पुस्तिकेतला तो आकडा अलीकडचा आहे. त्याच्या आधी कितीतरी वर्षं हा निर्णय माणूस प्लगकडे बघून घेत असे. प्लग काढायचा, त्याच्या टोकाचा रंग बघायचा आणि त्यावरून इंजिनच्या पोटात काय चाललं आहे ते ओळखायचं. हे ज्ञान खरं होतं, उपयोगी होतं, आणि एका विशिष्ट काळानंतर ते गुपचूप चुकीची उत्तरं द्यायला लागलं. खरं ज्ञान खोटं कसं होतं, हा आजचा आपला विषय आहे. प्लग हे त्याचं उदाहरण.

आधी वस्तू समजून घेऊ. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबलं जातं आणि ते नेमक्या क्षणी पेटवावं लागतं. प्लग म्हणजे त्या बंद खोलीत वीज नेणारी वाट. मधून एक धातूची कांडी जाते, तिच्याभोवती चिनी मातीसारखा पांढरा रोधक असतो, आणि बाहेर आटे पाडलेलं लोखंडी कवच असतं. मधली कांडी आणि कवचाला जोडलेली वाकडी पट्टी यांच्यात मिलिमीटरभराची फट असते. हजारो व्होल्टचा दाब आला की ठिणगी ती फट ओलांडते. हे किती वेळा होतं, त्याचा साधा हिशोब करू. चार फेऱ्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी पडते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना इंजिन मिनिटाला २,५०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लग मिनिटाला १,२५० ठिणग्या देतो, म्हणजेच किलोमीटरमागे १,२५०. चाळीस हजार किलोमीटरला पाच कोटी ठिणग्या. प्रत्येक ठिणगी धातूचा अगदी सूक्ष्म कण घेऊन जाते. प्लग झिजतो तो असा.

आता इतिहास. वायू ठिणगीने पेटवता येतो हे अठराव्या शतकातच माहीत होतं. १७७०च्या दशकात इटलीच्या व्होल्टाने एका भांड्यात ज्वलनशील वायू भरून तो विजेच्या ठिणगीने उडवून दाखवला होता. त्या उपकरणाला व्होल्टाचं पिस्तूलच म्हणतात. इंजिनात ही कल्पना आणली एत्येन लेन्वार यांनी, पॅरिसमध्ये, १८६० साली. त्यांच्या वायूवर चालणाऱ्या इंजिनात रुमकॉर्फ कॉइलची ठिणगी वापरली होती. पण वीज तेव्हा भरवशाची नव्हती. म्हणून १८७६ साली निकोलाउस ओटो यांनी चार फेऱ्यांचं इंजिन यशस्वी केलं, तेव्हा त्यांनी ठिणगी सोडून उघड्या ज्योतीचा आधार घेतला. डाइमलर यांच्या सुरुवातीच्या इंजिनांत बाहेरून तापवलेली एक नळी असे. आग घेऊन रस्त्यावर फिरायचं, असाच तो प्रकार.

कार्ल बेंझ यांनी मात्र १८८६च्या आपल्या तीनचाकी गाडीत विजेचीच ठिणगी ठेवली. सगळ्यात जास्त छळलं ते त्यांना या ठिणगीनेच. १८८८च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या, तो प्रवास प्रसिद्ध आहे. वाटेत ठिणगीच्या तारेचं वेष्टन खराब झालं, तेव्हा त्यांनी मोजे बांधायच्या पट्ट्याने ती गुंडाळली, असं सांगतात. गाडीच्या पहिल्या लांब प्रवासातली दुरुस्तीसुद्धा ठिणगीचीच! पुढे १९०२ साली रोबर्ट बॉश यांच्या कारखान्यातल्या गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला प्लग तयार केला. तिथून विजेची ठिणगी भरवशाची झाली, आणि ज्योत, नळी वगैरे प्रकार हळूहळू मागे पडले.

त्या काळात प्लग बदलणं हा शब्दप्रयोग फारसा लागूच नव्हता. कित्येक प्लग सुटे करता येत. चालक गाडी थांबवायचा, प्लग काढायचा, आतला रोधक वेगळा करायचा, काजळी पुसायची, तडा गेला असेल तर तेवढाच भाग नवा घालायचा. इंजिनं तेल वर फेकत, पेट्रोल कसंही असे, त्यामुळे हे काम वरचेवर करावं लागे. प्लग तेव्हा घरातल्या दिव्याच्या काचेसारखा होता. रोज पुसायची गोष्ट. फेकायची नव्हे.

खरी अडचण रोधकाची होती. चिनी माती गरम-थंड होऊन तडकत असे. विमानांच्या इंजिनांत तर उष्णता फारच. तिथे उपयोगी पडलं अभ्रक. अभ्रकाचे पातळ पापुद्रे मधल्या कांडीभोवती गुंडाळायचे आणि चकत्या एकावर एक रचायच्या. उत्तम अभ्रक येत होतं ते आपल्याकडून, तेव्हाच्या बिहारमधल्या आणि आजच्या झारखंडमधल्या कोडरमा-गिरिडीह भागातून. जगाच्या आकाशात उडणाऱ्या इंजिनांना तिथल्या मजुरांनी सोललेल्या पापुद्र्यांचा आधार होता. ही गोष्ट प्लगच्या इतिहासात तळटीपेपुरतीच येते, म्हणून आम्ही ती मुद्दाम सांगतो. १९३०च्या दशकात ॲल्युमिनाची भाजलेली माती आली आणि अभ्रकाची सद्दी संपली. त्याला एक कारण नव्या इंधनाचंही होतं. शिसं घातलेल्या पेट्रोलपुढे अभ्रक टिकेना.

इथे आपल्या गोष्टीतलं मुख्य पात्र येतं : शिसं.

दाब वाढवला की इंजिनची ताकद वाढते, पण मिश्रण वेळेआधी भडकून इंजिन ठोके मारू लागतं. १९२१च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना आढळलं की, टेट्राएथिल लेड नावाचं शिशाचं संयुग अगदी थोडं घातलं तरी ठोके थांबतात. १९२३ साली असं पेट्रोल अमेरिकेत विक्रीला आलं. १९२४ साली न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार विषबाधेने मेले. तरीही शिसं राहिलं, आणि पुढची पन्नास वर्षं ते जगभरच्या पेट्रोलमध्ये होतं.

हे शिसं जळून नाहीसं होत नाही. ते बाहेर पडावं म्हणून ब्रोमिनची संयुगं घालत, तरी काही भाग प्लगवर बसत असे. एका बाजूला त्याने प्लग खराब होत. शिशाचा पिवळसर थर गरम झाला की वीज वाहू देतो, ठिणगी फट ओलांडण्याऐवजी रोधकावरून सरकते आणि गाडी मिसिंग मारते. दुसऱ्या बाजूला त्याच थराने मेकॅनिकला एक भाषा दिली. मिश्रण बरोबर असेल आणि प्लग योग्य तापमानाला काम करत असेल, तर रोधकाच्या टोकावर फिकट तपकिरी रंग येई. दुधाच्या कॉफीसारखा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला काळा चिकटा म्हणजे तेल वर येतंय, पिस्टनच्या रिंगा बघा. पांढराफटक, फोड आलेला म्हणजे पेट्रोल कमी किंवा प्लग फार तापतोय.

तापमानाचंही सांगतो, कारण पुढे लागणार आहे. प्लगचं टोक साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या वर असलं तर काजळी आपोआप जळून जाते. ते ८५०-९०० अंशांच्या वर गेलं तर टोकच निखारा होतं आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटवतं. या दोन आकड्यांच्या मधे टोक राहावं म्हणून प्लग गरम आणि थंड अशा प्रकारांत येतात. गरम प्लग उष्णता सावकाश बाहेर सोडतो, थंड प्लग भरभर. गंमत अशी की, हे सांगायची सर्वांची पद्धत एक नाही. एका कंपनीत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, दुसरीत मोठा आकडा म्हणजे गरम. त्यामुळे कंपनी बदलताना आकडा पाहून अंदाज करायचा नसतो, तक्ता बघायचा असतो.

आपल्याकडे ही रंगांची भाषा किती रुळली होती, हे ज्यांनी पद्मिनी किंवा ॲम्बॅसॅडर चालवली त्यांना सांगायला नको. १९५१ साली बंगळुरात मायको कंपनी स्थापन झाली आणि तिचे प्लग गावोगावच्या दुकानांत मिळू लागले. प्लग स्वस्त झाले, तरी फेकले जात नसत. मेस्त्री प्लग-पाना आणि टॉमी घेऊन प्लग काढणार, पेट्रोलमध्ये बुडवणार, ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासणार, फट फीलर गेजने मोजणार, वाकडी पट्टी हलकेच ठोकून फट जुळवणार आणि पुन्हा बसवणार. मोठ्या गॅरेजमध्ये वाळूच्या फवाऱ्याने प्लग साफ करायचं यंत्र असे. 'प्लग साफ करून घ्या' हा सर्व्हिसिंगचा ठरलेला भाग होता. आणि साफ करण्याआधी मेस्त्री प्लग मालकाच्या डोळ्यांसमोर धरून सांगे, 'बघा, रंग बरोबर आहे.' मालकाला काही कळो न कळो, तो मान डोलावत असे.

या मेस्त्रीला कुणी अडाणी समजू नये. तो जे करत होता त्याला आपल्या न्यायशास्त्रात अनुमान म्हणतात. धूर दिसला, म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे त्याचं ठरलेलं उदाहरण. दिसतं ते चिन्ह, न दिसणारं ते साध्य, आणि दोघांना जोडणारा नियम ती व्याप्ती. न्यायशास्त्राने इथे एक बारीक गोष्ट सांगितली आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हा नियम बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हा नियम चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला अग्नीबरोबर ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. ज्या गावात सगळेच ओलं सरपण जाळतात, तिथे ही अट कुणाच्या लक्षातच येणार नाही. नियम दर वेळी खरा ठरेल, आणि माणूस म्हणेल, धूर नाही म्हणजे चूल पेटलेलीच नाही.

आता प्लगकडे या. जिथे मिश्रण योग्य, तिथे तपकिरी रंग. हा नियम दोन पिढ्यांनी रोज तपासला आणि तो रोज खरा ठरला. त्यातलं ओलं सरपण होतं पेट्रोलमधलं शिसं. त्या तपकिरी रंगात शिशाच्या थराचा वाटा मोठा होता, पण सगळंच पेट्रोल शिशाचं असल्यामुळे ती अट कुणाला दिसत नव्हती.

मग शिसं गेलं. अमेरिकेत १९७५च्या गाड्यांपासून धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. त्यांच्यातल्या प्लॅटिनमवर शिसं बसलं तर ते निकामी होतात, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आणावं लागलं. मुलांच्या मेंदूवर शिशाचा काय परिणाम होतो, हेही हळूहळू मान्य झालं होतं. भारतात १९९५च्या एप्रिलमध्ये चार महानगरांत कन्व्हर्टरवाल्या नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल सुरू झालं, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच मिळू लागलं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, त्याने २०२१ साली शिसं थांबवलं. एका शतकाची ही चूक दुरुस्त झाली, याचा आनंद मानावा तेवढा थोडा.

पण रस्त्यावर जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या होत्याच, आणि जुन्या नियमाने बघणारे डोळेही होते. शिसेविरहित पेट्रोलवर नीट चालणाऱ्या इंजिनचा प्लग अधिक फिकट दिसतो, कधी जवळजवळ पांढरा. जुना नियम म्हणतो, तपकिरी नाही म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. त्या नियमाने जो वागेल तो कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवेल. रंग गडद होईल, मनाला समाधान वाटेल, आणि गाडीचं ॲव्हरेज पडेल, धूर वाढेल. अनुमान करणाऱ्याचे डोळे तेच, हात तेच, निष्ठाही तीच. फक्त सरपण बदललं होतं आणि ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पंपावर 'शिसेविरहित' अशी पाटी लागली, पण तिचा प्लगशी संबंध आहे हे त्या पाटीवर कुठे लिहिलं होतं?

मुंबईच्या टॅक्सीत दुसरा बदल झाला. पद्मिनी टॅक्सी सी.एन.जी.वर आल्या. गॅस इतका स्वच्छ जळतो की, प्लगवर काजळी जवळजवळ बसतच नाही. प्लग काढला तर नव्यासारखा दिसतो. पण गॅस पेटवायला ठिणगीला जास्त दाब लागतो, त्यामुळे धातूची झीज अधिक जाणवते. म्हणजे प्लग स्वच्छ आहे आणि तरीही संपलेला आहे, असं चित्र. पहिल्या बदलात चांगला प्लग वाईट दिसत होता, दुसऱ्यात वाईट प्लग चांगला दिसू लागला. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा ही सगळी विद्याही तिच्याबरोबर गेली असं म्हणायला हरकत नाही.

मग रंग जर फसवतो, तर बघायचं काय? कडा बघायच्या. वीज टोकदार जागेवरून सहज उडी घेते. फ्रँकलिनच्या वीजवाहकाचं टोक आठवा. नव्या प्लगच्या मधल्या कांडीची कड धारदार असते. कोट्यवधी ठिणग्यांनंतर ती गोल होते आणि फट रुंदावते. दोन्हींमुळे ठिणगीला अधिक दाब लागतो. कॉइलवर ताण येतो, आणि थंड सकाळी किंवा चढावर ठिणगी चुकू लागते. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग पुरेसा तापत नाही, आणि तेलाचा चिकटा म्हणजे तेल, ही अनुमानं मात्र आजही टिकून आहेत. कारण ती काजळी आणि ते तेल स्वतः तिथे हजर असतात, त्यांना शिशाची मध्यस्थी लागत नाही. आणखी एक चिन्ह : रोधकाच्या बाहेरच्या भागावर, कवचाच्या वर, कधी तपकिरी कडं दिसतं. गॅस गळतोय असं लोक समजतात. उच्च दाबामुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, एवढंच ते असतं. त्यासाठी प्लग बदलायची गरज नाही.

झिजेवर कारखान्यांनी काढलेला उपाय म्हणजे न वितळणारे धातू. निकेल १,४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १,७६८ला, इरिडियम २,४४६ अंशांना. इरिडियमची कांडी ०.४ मिलिमीटर इतकी बारीक करता येते आणि तरी ती टिकते. त्यामुळे जिथे निकेलचा प्लग साधारण २० ते ४० हजार किलोमीटरला बदलतात, तिथे इरिडियमचा एक लाखाच्या आसपास चालतो. त्याच्या मागे कायद्याचाही रेटा होता. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो आतून वितळू शकतो. म्हणून अमेरिकेत १९९६ पासून गाडीने स्वतःच चुकलेली ठिणगी ओळखावी, असा नियम झाला. इंजिनच्या फेऱ्यांमधला बारीकसा अडखळा मोजून संगणक ते ओळखतो आणि दिवा लावतो. मेस्त्री कान देऊन जे ऐकत होता, तेच आता यंत्र मोजतं.

तेव्हा आजच्या माणसाने काय करावं? केव्हा बदलायचा, याला तीन आधार आहेत. पहिला, पुस्तिकेतला आकडा, आणि गाडी सी.एन.जी.वर असेल तर त्याआधी तपासणी. दुसरा, लक्षणं : सकाळी उशिरा चालू होणं, मिसिंग, पडलेलं ॲव्हरेज, इंजिनचा दिवा. दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका, तो कन्व्हर्टर वाचवायचा इशारा आहे. तिसरा आधार म्हणजे कडा आणि फट.

आणि कसा बदलायचा? इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढला तर आटे जातात आणि शंभराचं काम हजारांवर जातं. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. एका वेळी एकच प्लग काढा, म्हणजे वायरी किंवा कॉइल उलटसुलट होणार नाहीत. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. एकच वेगळा दिसला तर आजार त्या सिलिंडरचा, सगळे सारखे दिसले तर आजार सगळ्या इंजिनचा. नवा प्लग पडला असेल तर वापरू नका, रोधकाला न दिसणारा तडा असू शकतो. इरिडियमची फट ठोकून जुळवू नका आणि त्याला पॉलिश पेपर लावू नका, ती बारीक कांडी मोडते. प्लग आधी बोटांनीच फिरवा. अडला तर जोर न लावता काढा आणि पुन्हा लावा. बोटांनी पूर्ण बसला की वॉशरवाला नवा प्लग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, बस. निमुळत्या बैठकीच्या प्लगला त्याहून पुष्कळ कमी, सोळाव्या हिश्श्याएवढा फेरा पुरतो. आणि सगळे प्लग एकदमच बदला. मग तारीख आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवा.

पुस्तिकेवर आमचा राग नाही. तो आकडा पुष्कळ प्रयोगांतून आलेला असतो, आणि आज तोच सगळ्यात सुरक्षित आहे. पण त्या आकड्यालाही उपाधी आहे. ठरावीक इंधन, ठरावीक वापर. २०२३ पासून आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. सरपण पुन्हा बदललं आहे. अशा वेळी आपण विचारायला हवं की, हा नियम कुठल्या अटीवर खरा होता, आणि ती अट अजून शिल्लक आहे का. मेस्त्रीला हे कुणी विचारायला शिकवलं नाही, यात दोष त्याचा नव्हता. ज्यांनी इंधन बदललं, त्यांनी त्याच्यापर्यंत जायला हवं होतं. मोठ्या कारणासाठी बदल करताना लहान माणसाच्या ज्ञानातली कुठली वीट आपण काढून घेतो आहोत, एवढं तरी त्याला सांगणं हे आपलं देणं आहे.